पेशीविभाजन शिकताना या चुका टाळा: मोजणी, आकृती आणि काचपट्टी

कांद्याच्या मुळाच्या टोकावरील पेशीत १६ गुणसूत्रे असतात. ही पेशी विभाजनाची तयारी करताना एस अवस्था पूर्ण करून बाहेर पडली, म्हणजे तिच्यातील डीएनए दुप्पट झाला, की तिच्यात गुणसूत्रे किती असतील, हा प्रश्न मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला फळ्यावर लिहून देतो आणि उत्तर मोठ्याने न सांगता वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगतो. निम्म्याहून अधिक वह्यांत ३२ हा आकडा निघतो. त्यांत दहावीला नव्वदच्या पुढे टक्के मिळवून लातूरच्या शिकवणीची चौकशी करून आलेली मुलेही असतात, आणि पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था ही नावे झोपेतून उठवून विचारली तरी क्रमाने सांगणारी मुलेही असतात. बरोबर उत्तर १६ आहे. नावे पक्की आणि मोजणी कच्ची, अशी या धड्याची अवस्था आहे, आणि पुढे मांडलेल्या बहुतेक चुका शोधत मागे गेले तर आपण याच कच्च्या मोजणीपाशी येऊन थांबतो.

त्याआधी भाषेची एक अडचण नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्याकडे फार छळते. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत ‘सूत्री विभाजन’ आणि ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ शिकलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्याच तासाला ‘मायटोसिस’ आणि ‘मायोसिस’ ऐकावे लागते. दोन नावे ऐकायला इतकी जवळची की वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाता जाता ती एकच होतात, आणि जुन्या मराठी नावांशी त्यांची सांगड कोणी घालून देत नाही. ‘मध्यावस्थेनंतर मेटाफेज येते’ असे वाक्य मी एका उत्तरपत्रिकेत वाचले आहे. त्या मुलाचे पाठांतर चोख होते, परंतु ही दोन्ही एकाच अवस्थेची नावे आहेत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशीच वहीच्या एका पानावर दोन्ही भाषांतील नावे समोरासमोर लिहून घेतली, तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

गुणसूत्र मोजायचे कोठे

गुणसूत्रांची संख्या मोजताना गुणसूत्रबिंदू मोजावेत. हात, पट्ट्या किंवा क्रोमॅटिड मोजू नयेत. एस अवस्थेत प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते, पण त्या दोन्ही प्रती कोहेसिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून राहतात आणि गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या असतात. जोवर त्या जोडलेल्या आहेत तोवर त्यांना क्रोमॅटिड म्हणायचे आणि दोन्ही मिळून एक गुणसूत्र मोजायचे. वैजापूर किंवा लासूरच्या बाजारात कांदा विकलेल्या घरातील मुलांना हे समजावताना मी जोडकांद्याचे उदाहरण देतो. बाहेरून साल एक, मूळ धरणारी चकती एक, म्हणून तो मोजताना एकच कांदा असतो, जरी आत दोन गाभे स्वतंत्र वाढलेले असले तरी. तो फोडला आणि दोन्ही भाग वेगळे झाले की मग ते दोन.

आता कांद्याच्या पेशीचा हिशेब पायरीपायरीने मांडू. एस अवस्थेच्या आधीच्या जी-१ अवस्थेत १६ गुणसूत्रे आहेत आणि डीएनएचे प्रमाण २सी आहे (१सी म्हणजे दुप्पट न झालेल्या गुणसूत्रांच्या एका संचातील डीएनए). एस अवस्था संपली, की गुणसूत्रे १६ च राहतात, क्रोमॅटिड ३२ होतात आणि डीएनए ४सी होतो. एस नंतरची जी-२, पूर्वावस्था आणि मध्यावस्था या तिन्हींत हेच आकडे कायम राहतात. पश्चावस्था सुरू होते त्या क्षणी सेपरेज नावाचे विकर कोहेसिनचा बंध कापते, प्रत्येक क्रोमॅटिड आता स्वतःच्या गुणसूत्रबिंदूसह मोकळे होते, आणि त्यामुळे एकाच पेशीत थोड्या काळापुरती ३२ गुणसूत्रे असतात. अंत्यावस्थेत ती दोन केंद्रकांत वाटली जातात आणि प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला १६ गुणसूत्रे व २सी इतका डीएनए येतो. म्हणजे ज्या मुलांनी ३२ लिहिले त्यांचा आकडा निव्वळ काल्पनिक नव्हता; त्यांनी पश्चावस्थेचा आकडा एस अवस्थेत लिहिला होता. माणसाच्या पेशीसाठी हाच हिशेब ४६, ९२ आणि पुन्हा ४६ असा मांडून पाहावा.

गुणसूत्रे मोजण्यात चुकण्याची परंपरा फार मोठ्या लोकांपासून चालत आली आहे, हे सांगितले की मुलांचा संकोच थोडा कमी होतो. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, असे १९२३ पासून तीसहून अधिक वर्षे जगभर मानले जात होते. जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान या दोघांनी १९५६ मध्ये ती ४६ असल्याचे दाखवले. पेशी पातळ द्रावणात फुगवून आणि विभाजन मध्यावस्थेत थोपवून गुणसूत्रे एकमेकांपासून दूर पसरवली, तेव्हा कोठे ती नीट मोजता आली. त्याआधीच्या काचपट्ट्यांवर ती एकमेकांवर चढलेली असत आणि डोळ्याला जे अपेक्षित तेच दिसे.

मराठवाड्यात आणखी एक गोंधळ हमखास होतो, तो कापसामुळे. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात आणि आज बहुतेक शेतांत दिसणाऱ्या अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२ असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात देशी कापसाच्या वाणांवर बरेच काम झालेले असल्याने हे दोन्ही आकडे आपल्याकडच्या मुलांच्या कानावर पडलेले असतात, आणि काही जण ५२ म्हणजे २६ ची ‘एस अवस्थेनंतरची’ संख्या असे समजून बसतात. तसे नाही. अमेरिकन कापूस चतुर्गुणित आहे. दोन वेगळ्या पूर्वज जातींचे गुणसूत्रसंच त्याच्यात एकत्र आले आहेत आणि प्रत्येक पेशीत, प्रत्येक अवस्थेत, ५२ गुणसूत्रबिंदू मोजता येतात, केवळ पश्चावस्थेतील तो छोटा काळ सोडून. जे. ओ. बीस्ली यांनी १९४० मध्ये देशी कापसाचा एका रानटी अमेरिकी जातीशी संकर करून आणि कोल्चिसिन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट करून असे झाड प्रयोगशाळेतच घडवून दाखवले होते. पेशीचक्रातील दुप्पट होणे तात्पुरते असते आणि पुढच्या विभाजनात वाटले जाते. बहुगुणित वनस्पतीतील दुप्पट पिढ्यानपिढ्या टिकते.

अर्धगुणसूत्री विभाजनात मोजणीची कसोटी अधिक कडक होते, कारण येथे गुणसूत्रांची संख्या आणि डीएनएचे प्रमाण एकाच वेळी निम्मे होत नाहीत. कांद्याच्या परागकोशातील जनकपेशी १६ गुणसूत्रे आणि ४सी डीएनए घेऊन पहिल्या विभाजनात शिरते. पहिल्या विभाजनात सजातीय गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात, क्रोमॅटिड मात्र एकमेकांना धरूनच असतात. म्हणून त्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत ८ गुणसूत्रे, १६ क्रोमॅटिड आणि २सी डीएनए असतो. दुसऱ्या विभाजनात क्रोमॅटिड सुटतात, गुणसूत्रे ८ च राहतात आणि डीएनए १सी होतो. ‘संख्या दुसऱ्या विभाजनात निम्मी होते’ हे उत्तर फार मुले लिहितात, आणि त्याचे एकमेव कारण म्हणजे त्यांनी डीएनए आणि गुणसूत्रे यांसाठी वहीत दोन वेगळे रकाने आखलेले नसतात. दोन विभाजनांच्या मधल्या छोट्या विरामात डीएनएची नवी प्रत तयार होत नाही, ही गोष्टही येथेच नीट लिहून ठेवावी. ती झाली असती तर निम्मे करण्याचा सगळा खटाटोप वाया गेला असता.

सजातीय जोडी आणि क्रोमॅटिडची जोडी यांतील फरक केवळ व्याख्येने कळत नाही. मी वर्गात लाल आणि निळ्या लोकरीचे तुकडे वापरतो. लाल तुकडा आईकडचा, निळा वडिलांकडचा. ही सजातीय जोडी. लाल तुकड्याची लालच प्रत गाठ मारून त्याला जोडली की ते दोन क्रोमॅटिड. पहिल्या विभाजनात लाल आणि निळे वेगळे होतात, दुसऱ्यात लालपासून लाल सुटतो. एकदा हाताने गाठ सोडली की मुले हा फरक विसरत नाहीत. क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे सजातीय गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल, दाखवायचे असेल तर लाल तुकड्याचे टोक कापून निळ्याला बांधावे. मग ‘भगिनी क्रोमॅटिड हुबेहूब सारखे असतात’ हे विधान पहिल्या पूर्वावस्थेनंतर तंतोतंत लागू का पडत नाही, हे वेगळे समजावत बसावे लागत नाही. हे सुटणे बिघडले तर काय होते, याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे डाऊन सिंड्रोम: २१ व्या क्रमांकाची गुणसूत्रे वेगळी न होता एकाच युग्मकात गेली की बाळाच्या पेशींत ४७ गुणसूत्रे येतात. जेरोम लेज्युन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हे जाहीर केले.

‘विश्रांती अवस्था’ हा शब्द टाकून द्यावा

जुन्या पुस्तकांत दोन विभाजनांच्या मधल्या काळाला विश्रांती अवस्था म्हटलेले आढळते, आणि घरातल्या मोठ्या भावंडांच्या वह्यांतून तो शब्द अजूनही पुढे सरकत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली या काळात काही हालचाल दिसत नाही, केंद्रक गोल आणि शांत दिसते, म्हणून ते नाव पडले. वैशाखातले रान रस्त्यावरून पाहणाऱ्याला मोकळे पडल्यासारखे वाटते. पण नांगरट झालेली असते, शेणखत पडलेले असते, पाळी मारायची राहिलेली असते आणि बियाण्याची जुळवाजुळव चाललेली असते. पेरणी एका दिवसात उरकते, तिच्यामागे दोन महिन्यांची तयारी असते. पेशीचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण २४ तासांत एक चक्र पूर्ण करते आणि त्यांतील प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो. उरलेला सगळा काळ आंतरावस्थेचा.

जी या अक्षराचा अर्थ ‘वाढ’ असा सांगितला जातो, तेही मुळात बरोबर नाही. अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी १९५३ मध्ये ब्रॉड बीनच्या रोपांच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन तो डीएनएत केव्हा शिरतो हे पाहिले. तो केवळ मधल्या एका ठरावीक काळातच शिरत होता. त्या काळाच्या आधी एक रिकामी जागा आणि नंतर दुसरी रिकामी जागा राहिली, आणि जी हे अक्षर त्या ‘गॅप’चे आहे. अर्थात रिकामी जागा म्हणजे डीएनए तयार होत नाही इतकेच. जी-१ मध्ये पेशी वाढते आणि प्रथिने तयार करते, जी-२ मध्ये विभाजनाची सामग्री जुळवते. वाढ होतेच, म्हणून ‘ग्रोथ’ हे उत्तर बहुतेक परीक्षक चालवून घेतात. मी स्वतः त्याला गुण देतो, पण समासात एक ओळ लिहून.

जी-० ही अवस्था आली की मुले तिला ‘मेलेली पेशी’ म्हणून मोकळी होतात. ती पेशी जिवंत असते, आपले काम करीत असते, केवळ चक्रातून बाहेर पडलेली असते. यकृताची पेशी एरवी क्वचितच विभागते, पण यकृताचा भाग शस्त्रक्रियेने काढला तर त्याच पेशी पुन्हा चक्रात शिरतात. बहुतेक चेतापेशी मात्र परत येत नाहीत. यातूनच दुसरी चूक लक्षात येते: २४ तास हा आकडा सर्व पेशींना चिकटवू नये. यीस्टची पेशी अनुकूल परिस्थितीत सुमारे ९० मिनिटांत चक्र पुरे करते.

आकृतीत जाणारे गुण

आकृत्या तपासताना माझा लाल पेन सर्वांत जास्त वेळा पश्चावस्थेवर थांबतो. या अवस्थेत गुणसूत्रे केळीच्या घडासारखी दिसतात, ही उपमा वर्गात दिली जाते आणि ती चांगलीही आहे, पण घडाचे तोंड कोणीकडे हे सांगायचे राहून जाते. तुर्कतंतू गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेले असतात आणि ओढ तेथूनच लागते. म्हणून इंग्रजी व्ही अक्षराचे टोक ध्रुवाकडे असते आणि दोन्ही हात मागे, पेशीच्या मध्याकडे, लोंबत राहतात. पाण्यातून दोर मध्यावर धरून ओढला तर टोके मागे राहतात, तसे. कित्येक आकृत्यांत हात ध्रुवाकडे उघडलेले दिसतात. असे काढणाऱ्या मुलाला गुणसूत्र कोण ओढते आणि कोठून ओढते हे कळलेले नाही, एवढे त्या एका रेषेवरून समजते.

दुसरी चूक प्राण्याची पेशी आणि वनस्पतीची पेशी यांची सरमिसळ. आकृतीखाली ‘कांद्याच्या मुळाची पेशी’ असे लिहायचे आणि आत दोन्ही ध्रुवांवर तारककेंद्रे काढायची, हे इतक्या वेळा होते की मी आता त्यावर हसत नाही. कांद्याच्या पेशीत तारककेंद्रे नसतात. तुर्कतंतू त्यांच्याशिवायच तयार होतात. त्याच आकृतीत पुढे पेशी दोन्ही बाजूंनी आत दबलेली दाखवली जाते. खाच पडून बाहेरून आत विभागणे ही प्राणिपेशीची रीत झाली. वनस्पतीच्या पेशीला कडक भित्तिका असल्यामुळे तिला दबता येत नाही, म्हणून तिच्यात मध्यभागी पेशीपटल तयार होते आणि ते आतून बाहेर, भित्तिकेपर्यंत वाढत जाते.

अंत्यावस्था म्हणजेच पेशीद्रव्याचे विभाजन, असेही समजू नये. अंत्यावस्था हा केंद्रकाच्या विभाजनाचा शेवटचा भाग आहे: केंद्रकावरण पुन्हा तयार होते, केंद्रकी दिसू लागते, गुणसूत्रे सैल होतात. पेशीद्रव्याचे विभाजन ही निराळी क्रिया आहे. ती बहुधा याच सुमारास सुरू असते, पण ती झालीच पाहिजे असे नाही. शहाळ्याचे पाणी पिताना आपण असंख्य मोकळी केंद्रके पितो, कारण त्या भ्रूणपोषात केंद्रके विभागत गेली आणि पेशीभित्तिका मात्र पडल्या नाहीत.

काचपट्टीवर काहीच दिसत नाही तेव्हा

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी मी कांद्याच्या मुळांच्या बारा काचपट्ट्या तयार केल्या आणि एकीवरही विभाजन सापडले नाही. लांबट, विटांसारख्या पेशी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत एक गोल केंद्रक, आणि त्यापुढे काही नाही. दोष कांद्याचा किंवा रंगाचा असेल असे धरून मी प्रयोगशाळेतील मदतनीसावर नाराज झालो. रात्री घरी आठवले तेव्हा ध्यानात आले, की मुळाचे टोक फार गडद रंगले म्हणून ‘खराब’ समजून मी ब्लेडने कापून टाकत होतो आणि वरचा फिकट, स्वच्छ दिसणारा भाग दाबून ठेवत होतो. नेमके फेकायचे ते ठेवले आणि ठेवायचे ते फेकले. टोक गडद दिसते ते त्यातील पेशी लहान, दाटीवाटीच्या आणि मोठ्या केंद्रकाच्या असतात म्हणून. विभाजन करणारी ऊती तेथेच असते. टोकाचा दोन-तीन मिलिमीटरचा गडद भाग ठेवावा, बाकीचे मूळ टाकावे.

काचपट्टीचे अपयश बहुतेक वेळा त्याआधीच, कांदा ग्लासावर ठेवतानाच, ठरलेले असते. कांद्याची जुनी वाळलेली मुळे खरवडताना खालची चकती जखमी झाली तर नवी मुळे फुटत नाहीत. पाणी चकतीला केवळ टेकले पाहिजे. कांदा बुडाला की तो कुजतो. आपल्याकडे मार्चनंतर ग्लासातले पाणी दुपारपर्यंत कोमट होते आणि दुसऱ्या दिवशी वास मारू लागते, म्हणून ते रोज बदलावे आणि ग्लास माठाच्या शेजारी, सावलीत ठेवावा. नुकता काढलेला कांदा सुप्तावस्थेत असल्यामुळे हट्टाने मुळे देत नाही. साठवणीतला जुना कांदा बरा. कांदा अगदीच ऐकत नसेल तर लसणाची पाकळी वापरावी. तिच्याही पेशीत १६ च गुणसूत्रे असतात, त्यामुळे मोजणी बदलत नाही.

मुळे सकाळी कापावीत आणि लगेच स्थिरकात, म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थोपवणाऱ्या द्रवात, टाकावीत. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल हे मिश्रण त्याच दिवशी करावे. कपाटात मागच्या वर्षीची बाटली सापडली म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो, पण राहून राहून त्या दोन द्रवांत रासायनिक क्रिया होते आणि स्थिरक निकामी होते. साधारण एक दिवस स्थिरकात ठेवून नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये मुळे बरेच दिवस टिकतात.

रंगवताना पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकण्याचे कारण मुलांना सांगितले जात नाही, म्हणून ते टाकायचे विसरले जाते. पेशींना एकमेकींशी चिकटवणारा थर ते विरघळवते. आम्ल कमी पडले की पेशी गठ्ठ्याने राहतात आणि एकावर एक तीन थर दिसतात. आम्ल अति झाले की त्यांचा लगदा होतो. ॲसेटोकार्मिन हा रंग घालून काचपट्टी स्पिरिटच्या दिव्यावरून हलकेच फिरवावी आणि दर वेळी हाताच्या पाठीला लावून पाहावी. चटका बसला तर ती जास्त तापली. द्रव उकळला तर गुणसूत्रे विस्कटतात आणि कडेला रंगाचे काळे खडे जमतात, जे पुढे हौशी मुले ‘गुणसूत्रे’ म्हणून काढतात. सगळी पेशीच लालभडक झाली असेल तर ४५ टक्के ॲसेटिक आम्लाचा थेंब कडेने सोडून जादा रंग ओढून घ्यावा. आच्छादन काच ठेवल्यावर तिच्यावर टिपकागद ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूहळू ठोकावे आणि शेवटी अंगठा सरळ खाली दाबावा. अंगठा किंचित जरी घसरला तरी पेशी शेवयांसारख्या वळल्या जातात.

पाहताना थेट मोठ्या भिंगावर जाऊ नये. दहा पट भिंगाखाली चौकोनी पेशींचा भाग शोधावा, तो मध्यावर आणावा आणि मगच पंचेचाळीस पटीचे भिंग फिरवावे. जाड काळी कड असलेले, आत काही नसलेले सुबक वर्तुळ म्हणजे हवेचा बुडबुडा. त्याची पेशी म्हणून काढलेली आकृती मी दरवर्षी एक तरी पाहतो. वीज गेली म्हणून तास बुडवण्याचेही कारण नाही. आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी नेला की उत्तम दिसते, आणि मराठवाड्यात उन्हाची टंचाई कधीच नसते.

यानंतरही तक्रार येते की बहुतेक पेशी ‘साध्याच’ आहेत, म्हणजे काचपट्टी फसली. ती फसलेली नाही. पेशी चक्राचा बहुतेक काळ आंतरावस्थेत असते, म्हणून कोणत्याही क्षणी बहुतेक पेशी तेथेच सापडणार. स्थिरकाने सगळ्या पेशी एकाच क्षणी मारल्या आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवली तर ‘थोडे थांबलो तर ही मध्यावस्था पुढे सरकेल का’ असा प्रश्न पडत नाही. उलट या एका स्थिर चित्रावरूनच काळाचा हिशेब निघतो. समजा २०० पेशी मोजल्या आणि १८ विभाजनात आढळल्या, तर विभाजन निर्देशांक ९ टक्के. त्या पेशींचे चक्र २० तासांचे धरले तर विभाजनाला साधारण १ तास ४८ मिनिटे लागतात. येथे होणारी चूक अशी, की मुले केवळ सुंदर दिसणारा भाग निवडून मोजतात. दृश्यात येईल ती प्रत्येक पेशी, साधी असली तरी, मोजली गेली पाहिजे. विभाजनात सापडलेल्यांत पूर्वावस्था सर्वांत अधिक असतात, कारण ती अवस्था सर्वांत लांब चालते. अंत्यावस्था आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन आंतरावस्था यांत शंका आली तर दोन्ही केंद्रके लहान आणि दाट आहेत का, आणि मध्ये पुसट पेशीपटल आहे का, ते पाहावे.

मध्यावस्था जास्त संख्येने पाहायची असेल तर संशोधक कोल्चिसिन वापरतात. ते सूक्ष्मनलिका जुळू देत नाही, त्यामुळे तुर्कतंतू तयार होत नाहीत आणि पेशी तेथेच अडकते. ‘कोल्चिसिन डीएनएची निर्मिती थांबवते’ हे चुकीचे उत्तर आहे. पावसाळ्यात डोंगराळ भागात कुंपणावर चढलेल्या कळलावीच्या लाल-पिवळ्या फुलांखालच्या कंदात हेच द्रव्य असते आणि ते जीवघेणे विषारी आहे. कोणत्याही मुलाने तो कंद प्रयोगासाठी उकरून आणू नये.

गणिते

एका पेशीपासून सूत्री विभाजनाने १२८ पेशी होण्यास किती विभाजने लागतील, या प्रश्नाला ७ आणि १२७ अशी दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. दुप्पट होण्याच्या फेऱ्या विचारल्या असतील तर ७, कारण २ चा सातवा घात १२८. विभागलेल्या पेशींची एकूण संख्या विचारली असेल तर १२७, कारण प्रत्येक विभाजनात पेशींची संख्या एकाने वाढते.

तुरीच्या १०० बिया तयार होण्यासाठी किती अर्धगुणसूत्री विभाजने लागतील, याचे उत्तर १२५ आहे. एका परागजनक पेशीपासून चार परागकण होतात, म्हणून १०० परागकणांसाठी २५ विभाजने पुरतात. बीजांडात मात्र एका जनकपेशीच्या चार पेशींपैकी तीन नष्ट होतात आणि एकच उपयोगी पडते, म्हणून १०० बीजांडांसाठी १०० विभाजने लागतात. २०० लिहिणाऱ्याने दोन्ही बाजूंना एकास एक धरलेले असते आणि ५० लिहिणाऱ्याने बीजांडातील तीन पेशींचा नाश विसरलेला असतो. प्रश्नात ‘बिया’ऐवजी ‘परागकण’ असा शब्द असेल तर उत्तर २५ होते आणि ‘अंडपेशी’ असेल तर १००. त्यामुळे आकडेमोड सुरू करण्याआधी त्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून घ्यावी.